रेषेची जाडी

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
विभागातला कूलर पाण्यावाचून नुसता घरघरतोय,
आणि मी एक सर्पिल दीर्घिका
(तिला नाव नाही, चार आकडी क्रमांक आहे)
वर्णपटात चिरत बसलेय.

कोवळे तारे सोपे असतात.
निळे, वायूच्या कुशीतून नुकतेच सुटलेले,
सगळे एका पातळीत, एका वेगाने.
त्यांची रेष बारीक येते,
सुईत ओवावी इतकी.

जुन्यांची फाकते.
कुणी वर उसळतो, कुणी खाली बुडतो,
कुणी केंद्राकडे डोकावून परत येतो,
आणि सगळे मिळून फेरीत मागे पडतात,
सेकंदाला चाळीसेक किलोमीटर.
दुरुगकर मॅडम म्हणतात, यात गूढ काही नाही:
वाटेत मेघ भेटले, भुजा आडव्या आल्या,
दर खेपेला थोडा धक्का.
आणि तो विरत नाही,
विरायला तिथे घर्षणच नाही.

उईके काका माठ भरायला येतात,
पडद्याकडे बघून विचारतात,
"हे कोनाचं हो मॅडम, ईसीजी काय?"
म्हटलं, म्हाताऱ्या ताऱ्यांचा.
"मंग ठीक आहे.
सरळ आलं असतं त सरला असता."

काल रात्री आकड्यांतून तिसरा गट निघाला.
शंभरातले सहा-सात.
उलटे फिरणारे.

आधी चिन्ह तपासलं, ऋणाचं धन झालं असेल.
मग दिव्याच्या रेषा, मग सगळी आकडेमोड,
मग चष्मा पुसला.
उलटेच.

बाहेरून आलेले असणार,
कधीतरी गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचे.
रंग इथल्यांसारखा, वय इथल्यांएवढं,
गिरकी तेवढी तिकडची.
अब्जावधी वर्षं समोरून येणाऱ्यांमधून जाताहेत,
एकाचाही कुणाला खांदा लागला नाही.
मॅडमचा निरोप: पुन्हा बघ, चूकच असेल.

संध्याकाळी अमरावती रोडवर धूळ उठते.
काका पायरीवर बसून फोनवर
मुलीशी गोंडीत बोलताहेत,
मध्येच हसताहेत, माझ्याशी कधी हसले नाहीत तसे.
बत्तीस वर्षं झाली म्हणे छिंदवाडा सोडून.
मला एक शब्द कळत नाही.

मी वर जाते.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतते.
तक्त्यात ते चिन्ह
तसंच ठेवते.