इन पासिंग

सोहारच्या ऑफिसात मीटिंगचं इतिवृत्त
मीच टाइप करतो.
साहेब म्हणाले, वेगळा मुद्दा नको,
‘इन पासिंग’ घे.

मग पान चारवर, क्रेनच्या भाड्याखाली,
अर्ध्या ओळीत बसला
लतीफ होडेकर, दाभोळ.
परांची, मंगळवार, काम दोन तास बंद.
नावाचं स्पेलिंगही तेवढ्यात चुकलं.

आपल्याकडे म्हणतात, जाता जाता.
जाणारा कोण, ते मात्र सांगत नाहीत.

रात्री घरी फोन. पगार, उकाडा, पोरीची फी.
ठेवता ठेवता म्हटलं,
अगं, तुझी आमसुलं ज्याला द्यायचो ना,
तो लतीफ…

पलीकडे कुकरची शिटी.
‘त्याला आणखी हवीयेत का?’

पाठव, म्हणालो.