सड्यावर मुक्काम

पहिली खुंटी वाकली.
दुसरीही.
तिसरी उडून गवतात हरवली.
"कातळ हाय तो, केळीचा बुंधा नाय,"
गडग्यावरून शेवंती नाचणेकर म्हणाली,
आणि चार चिरे ढकलत आणून
तंबूच्या दोऱ्या त्यांना बांधून दिल्या
गवताच्या उडवीला बांधतात तशा.

तरीपासून चढत आलो होतो,
कलमांच्या बागा संपल्या, सावली संपली,
मग नुसता तांबडा, भोकाभोकांचा जांभा
आणि कडेला कुठेतरी समुद्राची घरघर.

वाऱ्याने स्टोव्ह पेटू दिला नाही.
तिचीच भाकरी, तिचाच सुका बांगडा.

रात्री चटईखालून काहीतरी रुतत राहिलं.
उंचवटा नव्हे, खाच.
बॅटरी लावली:
एक रेघ कमरेपासून निघून उशीकडे गेलेली,
तिथे वळलेली.
उदय म्हणाला, मासा.
मी म्हटलं, झोप.

झोप मलाच आली नाही.
आमचं पोलाद जिथे वाकलं
तिथे कोण हा, उकिडवा बसून,
बोटभर आत गेला?

उजाडताच तंबू दोन हात सरकवला.
खाचेत दहिवर साठलं होतं
आणि एक मुंगळा काठाकाठाने
माशाचं तोंड शोधत निघाला होता.