चार पेशी

म्वानाकोम्बोच्या रक्ताचा थेंब कागदावर पसरला
आणि सुकेपर्यंत मी बाहेर बघत बसलो.
चटयांवर लवंग वाळत होती, अख्ख्या पेम्बा बेटाला तोच वास.
मग रंगपट्टी लावली. सहा लाल,
गडद ते फिक्कट.
तिचा लाल खालून दुसरा.

सातवा महिना. विहिरीपासून घरापर्यंत
तीनदा बसावं लागतं, म्हणाली.
कांगाच्या गाठीत भाजक्या मातीचं ढेकूळ.
"ह्याच्याशिवाय घास उतरत नाही,"
आणि लाजून हसली. हिरड्या पांढऱ्या.

दुसरी काच सूक्ष्मदर्शकाखाली.
तिथे होतंच ते, अंकुशकृमीचं अंडं,
पातळ कवच, पाण्यासारखं आरपार,
आत चार पेशी, एकमेकींना बिलगून.
खोटं कशाला बोलू, सुंदर दिसतं.
अठरा वर्षं बघतोय, अजून दिसतं.
तिच्या पोटातलं दुसरंही
कधीतरी एवढंच होतं, चार पेशींचं,
आता दोघं एकाच ताटात जेवतात
आणि वाढणारी उपाशी.

जंताची गोळी समोरच चघळायला लावली. लोहाच्या साठ.
"शौचाला काळं होईल, घाबरू नकोस."
चपला घालत जा, म्हणालो,
तर तिने दाराकडे पाहिलं.
नवऱ्याच्या होत्या, दोन बोटं मोठ्या,
दवाखान्यात यायचं म्हणून घातलेल्या.
त्या घालून खाली पडलेली लवंग वेचता येत नाही,
ओल्या मातीत पाय निघतो, चपला राहतात.

वहीत रकाना आहे: पादत्राणे.
मी ‘आहेत’ लिहिलं होतं आधीच.
शाई वाळली होती.