किल्ल्या वाजू नयेत म्हणून

सोमवारी तेवढा रिक्षाने जातो.
पाच शर्ट, दोन पँटी
गोदामातल्या कपाटात लावून ठेवतो.
मंगळवारपासून पळत:
विजापूर रोड ते अक्कलकोट रोड,
पाठीवर फक्त डबा नि किल्ल्या.

किल्ल्या रुमालात गुंडाळायच्या,
नाहीतर सात रस्त्यापर्यंत
आपणच आपल्याला घुंगरमाळेच्या बैलासारखे
ऐकू येत राहतो.
कडक भाकरी न्यायची नाही, चुरा होतो.
शेंगाचटणी चालते,
ती आधीच कुटलेली.

एप्रिलात साडेपाचला निघायचं.
चौकातला पाववाला रोज विचारतो,
"कोण लागलंय मागं?"
मी हात करतो. उत्तराला दम नसतो.

टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो मी
आणि पहिल्याच दिवशी टॉवेल विसरलो.
वॉचमन नरसय्या चिप्पा तेलुगूत हसला,
सेकंडचा एक नग दिला,
कोपऱ्यात माग अडखळल्याची खूण.
तोच वापरतो अजून.

पट्टा विसरलो तेव्हा
कापून टाकलेली किनार कमरेला बांधून
ऑडिटरसमोर बसलो दिवसभर.
चहालासुद्धा उठलो नाही.

रात्रपाळी संपवताना नरसय्या
माझ्यासाठी बादली भरून ठेवतो.
परवा गुडघा चोळत म्हणाला,
"मीबी पळतच येत होतो की, विडी घरकुलातनं.
रिक्षाला कुठले पैसे."
"आणि डबा?"
"डबा कुठला."

उद्यापासून पाठीवर थोडं जड.
भाकरी मऊच घ्यायची.
त्याला खालचे दात नाहीत.