दाब

काळीम्नोसच्या धक्क्यावर स्पंज अजून वाळतायत,
आणि तू, साकेलारी, या खोलीत
खिडकीकडे तोंड करून.
दहाला मी तुला तसा वळवला.
बाराला भिंतीकडे.
दोनला पुन्हा समुद्र.

चाळीस मीटरवरून तू घाईनं वर आलास
आणि कमरेखालचा तू तळाशीच राहिलास.
डॉक्टर म्हणाले, दाब.
मला वाटलं, दाब पाण्यालाच असतो.
गादीलाही असतो,
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
ज्याला टोचलेलं कळत नाही
त्याला चादरीची चुणीसुद्धा खडक.

पहिला डाग माकडहाडावर,
पाच द्राख्मांच्या नाण्याएवढा.
आदल्या रात्री माझा डोळा लागला होता.
चारचं वळवणं हुकलं, एवढंच.
बोटानं दाबलं तर लाली पांढरी पडायला हवी.
पडली नाही.
पुन्हा दाबलं, जसं काही पहिल्यांदा
मीच नीट दाबलं नव्हतं.

तुझी आई म्हणाली, तेल लाव, चांगलं रगड.
थेमेलीनानं टायरची ट्यूब आणून दिली,
हिच्यावर बसव, मधे भोक आहे.
नर्स कालोतीनानं दोन्ही बंद केलं.
आतलं मांस गुदमरलंय, रगडतेस काय?
ट्यूब पोरांना दे, पोहतील.
मग तिनं अंडी लिहून दिली,
औषध लिहावं तशी, सकाळ-संध्याकाळ.

पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी.
गुडघ्यांमधे दुसरी.
ओढायचं नाही, उचलायचं.
तूच काढलेल्या स्पंजनं तुला पुसते;
पुसते कसली, टिपते.
घडीघडीत शोधते ओल,
धान्यात खडे शोधावेत तशी.
माझ्या पाठीचं काय झालं
ते विचारू नकोस, तू विचारतही नाहीस.

जखम भरायला अकरा आठवडे लागले.
तळापासून वर आली ती,
थोडी चढायची, थांबायची,
पुन्हा थोडी.
दोरीवर थांबत थांबत वर यायचं असतं,
हे तू नव्या पोरांना शिकवायचास ना?
ती शिकली होती.

भिंतीकडचे दोन तास तुला आवडत नाहीत.
तिथं मी बोटीचं कॅलेंडर लावलं.
तू बराच वेळ बघत राहिलास.
मग म्हणालास,
हिचा नांगर चुकीचा बांधलाय.

चार वाजलेत.
हात माझ्या गळ्यात टाक.