आठ नंबरचा फर्मा

ब्रॉकटनमध्ये आता चामड्याचा वास येत नाही.
जुन्या कारखान्यांत भाडेकरू राहतात,
खिडक्यांत तुळस नाही, पण पुदिना आहे.
मी तळघरात बसून
बुडालेल्या एका बूट-कंपनीच्या वह्यांची यादी करते.
ताशी अठरा डॉलर. हातमोजे त्यांचे.

वही एकतिसावी. सरकारी मागणी, नौसैनिकांचे बूट.
डावीकडे तारीख, माप, जोड
आणि समासात शिसपेन्सिलीने, मुंगीच्या पायांनी,
उर्शुले रिम्कुटे, शिलाई विभाग, तिसरा मजला.
कच्च्या इंग्रजीत लिहिलंय तिनं.
कुणी वाचेल असं तिला वाटलं नसावं.

जेवणाच्या सुट्टीत फोरमन मोठ्यानं पेपर वाचायचा.
राष्ट्राध्यक्ष म्हणतात, आवाज खाली ठेवा,
सोटा मात्र जाड बाळगा.
सगळे हसले. एकानं टेबलाचा पाय उपटून खांद्यावर घेतला.
पनामा, चारशे जोड.

मग दुसरा आला, वजनदार, मिशी तशीच.
आता बंदुकीच्या जागी डॉलर जाणार, फोरमन म्हणाला,
आणि लिंडक्विस्ट म्हातारा घाबरला,
म्हणजे आपलं काम कमी होणार?
झालं नाही.
डॉलरला पाय नसतात ना.
कर्ज निकाराग्वात पोचलं, जकातीचं नाकं बसलं,
नाक्यावर उभं राहायला बाराशे जोड,
दुहेरी तळ, पितळी छिद्रं.

शाळेत आम्ही घोकायचो साम, दाम, दंड, भेद.
शिंदेबाई हातावर पट्टी मारत म्हणवून घ्यायच्या,
म्हणजे दंडाची ओळख आधी आणि व्याख्या नंतर.
इथेही क्रम उलटाच.
सामाची पाळी शेवटी आली.

तिसऱ्याला मिशी नव्हती. प्राध्यापक होता.
दक्षिणेच्या शेजाऱ्यांना तो शिकवणार होता
चांगली माणसं कशी निवडायची ते.
उर्शुलेनं त्या दिवशी फक्त लिहिलंय: शिकवणी.
खाली व्हेराक्रूझ. खाली हैती. खाली सांतो दोमिंगो.
रात्रपाळी सुरू झाली. गॅसबत्तीचे पैसे पगारातून.
इतके बूट सोट्यालाही लागले नव्हते,
डॉलरलाही नव्हते.

फर्मा तोच. लाकडी, आठ नंबरचा, टाचेशी चिरलेला.
तीन माणसांची तीन भाषणं
त्यानं पोटात न घेता पायात घेतली.

मग बरीच पानं नुसते आकडे.

मग हे:
माझ्या गावात बूट दुसऱ्या बाजूनं ऐकू यायचे.
झारचे होते. अंगणात थांबले की आई
प्रार्थनेचं पुस्तक पिठाच्या डब्यात घालायची,
आमच्या अक्षरांना तेव्हा बंदी होती.
ते बूटही कुणीतरी शिवले असतील.
बाई असेल. तिलाही भाडं असेल.

मी हातमोजे काढले इथे. नियम मोडला.
पेन्सिल शंभर वर्षांनीही बोटाला लागते.

एकोणीसशे सोळा, मार्च. हैतीहून खोकं परत आलं.
धागा कुजला, टाके उसवले, चाळीस जोड नापास.
तिच्या नावावर साठ सेंट दंड
(दंड, बघा, कुठेच जात नाही, खालच्या मजल्यावर उतरतो)
आणि तिची नोंद:
आत माती होती, तांबडी. एका बुटात कॉफीचं बी.
झटकायला सांगितलं. झटकली.
बी ठेवलंय.

भेद मी शोधत राहिले. शिंदेबाईंचा चौथा.
पगाराच्या रकान्यात सापडला,
आयरिश बाईला एक भाव, स्वीडिश बाईला एक,
लिथुआनियनला उरलेला.
आरी चामड्यातून आरपार जाते
त्यालाही भेदणंच म्हणतात.

वहीच्या पाठीला कागदाचा कप्पा आहे.
रिकामा. तळाशी जरा भुकटी,
ती कशाचीही असू शकते.

फॉर्मवर एक चौकट उरलीय: विषय, एकाच शब्दात.
वरच्या मजल्यावर कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडतंय.
मी लिहिते, पादत्राणे.
खोडते.
परत तेच लिहिते.