अर्थिंग

डिसेंबर लागला की सोफा चावतो.

निफाडला पारा सहावर आला असं पेपरात येतं
त्याच दिवशी इकडे पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर,
उठून दाराच्या कडीला हात लावला की
टच्च.
दूधवाल्याला सुटे पैसे देताना टच्च.
यांना स्टीलच्या पेल्यात चहा देताना टच्च,
आणि अर्धा चहा फरशीवर.

"काढून टाक तो सोफा," हे म्हणतात.
कंपनी बंद झाली तेव्हा जो हिशेब हातात आला
त्यातली ही एकच वस्तू मी माझ्या पसंतीनं घेतली.
मोरपंखी रंग, मखमलीसारखं कापड.
वडाळा नाक्याचे युनूसभाई तेव्हाच म्हणाले होते,
"ताई, हे प्लास्टिकच आहे, फक्त लाडावलेलं."

उपाय करून झाले.
सुती चादर अंथरली, ती सरकते.
हवेला ओल यावी म्हणून कोपऱ्यात पाण्याचं पातेलं ठेवलं,
त्यात एकदा यांचा चष्मा रात्रभर भिजला.
कपडे मऊ करायचं ते वासाचं औषध पाण्यात कालवून फवारलं,
शेजारच्या आहिरे वहिनी दारातूनच म्हणाल्या,
"कुणी बघायला येणारे का आज?"
हाताला खोबरेल. लोकरीची शाल कपाटात.
आणि उठण्याआधी मुठीत किल्ली धरून
तिचं टोक खिडकीच्या गजाला टेकवायचं.
ठिणगी किल्लीला बसते. आपल्याला नुसतं कळतं.

हे मला कुणी शिकवायला नको.
अंबडला बावीस वर्षं मी बोर्डांना सोल्डर लावलं.
आत गेलं की डाव्या मनगटाला पट्टा,
पट्ट्याला वेटोळ्यांची वायर, वायर टेबलाला, टेबल जमिनीला.
दावणीला बांधल्यासारख्या आम्ही चाळीस जणी.
सुपरवायझर सांगायचा,
"तुमच्या अंगात काय साठलंय ते तुम्हाला कळत नाही,
चिपला कळतं.
ती मरते आणि मेलेली दिसत नाही.
गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मरते."

वडील गेले, त्याच्या चौथ्या दिवशी
मी पट्टा बांधून बसले होते.
एकही बोर्ड रिजेक्ट झाला नाही.
कुठं गेलं असेल ते सगळं?
कंपनीच्या मागं मीठ आणि कोळसा भरलेला खड्डा होता,
आमच्या सगळ्या वायरी तिथं उतरायच्या.
उन्हाळ्यात माळी त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचा.
जेवणाच्या सुट्टीत मी ते बघत उभी राहायचे.

"पाच-सहा हजार व्होल्ट असतात,"
हे सांगतात, जन्मभर वायरमन होते,
"पण त्यात जीव नाही. दाब असतो, प्रवाह नसतो."
मी म्हटलं, मग आपल्या घरात पहिल्यापासून तेच आहे.
हे हसले नाहीत.
चष्मा काढून पुसत बसले.

काल प्राची आली पुण्याहून, न कळवता, दोन मोठ्या बॅगा घेऊन.
सोफ्यावर पाय वर घेऊन बसली ती रात्रीपर्यंत.
काही विचारलं नाही.
हंगामाआधीची द्राक्षं धुऊन समोर ठेवली,
तिनं एक खाल्लं, आंबट म्हणाली,
पुढं काही नाही.
यांनी रिमोट मागितला. टच्च.
बापलेकीनं एकदमच हात मागं घेतले.

दिवे मालवायच्या वेळी मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले.
किल्ली शोधली नाही.
खिडकीचा गज धरला, सरळ, पूर्ण तळहातानं.
बर्फासारखा गार होता.
जे जायचं ते जाऊ दिलं.
मग तो न सोडता
दुसरा हात तिच्या डोक्याकडे नेला.

हात पोचायच्या आधीच
तिचे दोन-चार केस आपणहून उठले
आणि माझ्या तळव्याला येऊन लागले.